अंगणातली वस्तू पहिल्याच पावसात का मोडते?
बाकडं, स्टूल, कुंडीचा स्टँड, तुळशीचा कट्टा बनवणाऱ्या गटांसाठी मालाची पारख



आधी आमच्याच गटाची फजिती सांगते. मागच्या वर्षी मार्चमध्ये आम्ही गटातून अंतर्गत कर्ज काढलं आणि भंगारातून लाकडी पॅलेट आणून वीस स्टूल बनवले. रंग छान, बसायला भक्कम. मोशीकडच्या एका सोसायटीत दोन रविवारांत सगळे विकले गेले. प्रत्येकी ४५० रुपये हातात आले. आम्ही खूश!

जुलैत फोन यायला लागले. "ताई, स्टूल डुलतोय." "ताई, पाय तळातून काळा पडून मऊ झालाय." पाच स्टूल परत आले आणि पाचांचे पैसे परत द्यावे लागले. कर्जाचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला भरायचाच होता.

परत आलेले स्टूल आम्ही बैठकीतच खोलून बघितले. बसायची फळी पाचांतही शाबूत होती. मोडलं होतं ते दोनच ठिकाणी: स्क्रू गंजून बारीक झाले होते आणि जमिनीला टेकणारा पाय कुजला होता. म्हणजे आम्ही रंगावर आणि फळीवर मेहनत घेतली, आणि वस्तू गेली जोडातून नि पायातून.

तेव्हापासून माल घ्यायच्या आधी आम्ही तीन प्रश्न विचारतो. वस्तू कुठे राहणार? हा माल आधी कशासाठी वापरला होता? आणि जोड कशाने करणार? हा लेख या तीन प्रश्नांचाच आहे. तुमच्या गटात कुणी घराबाहेर ठेवायच्या लहान वस्तू बनवत असेल, तर बैठकीत मोठ्याने वाचा.

पहिला प्रश्न: वस्तू कुठे राहणार?

घराबाहेरच्या वस्तूला तीन शत्रू असतात: ऊन, पाणी आणि ओली माती. सगळीकडे तिघेही नसतात. म्हणून जागा आधी ठरवा.

पडवी, ओटा किंवा छत असलेली बाल्कनी: इथे थेट पाऊस पडत नाही, शिंतोडे येतात. बांबू, काथ्याची बाज, साधं लाकूड, तेल-रंग केलेलं लोखंड हे सगळं इथे चालतं.

उघडं अंगण किंवा गच्ची: इथे एप्रिल-मेचं रणरणतं ऊन आणि लगेच जून ते सप्टेंबर पाऊस. लाकूड उन्हात आकसतं, तडकतं आणि त्याच फटीतून पुढे पाणी आत जातं. चाकणपेक्षा मावळात, लोणावळ्याकडे पाऊस कितीतरी जास्त. तिकडच्या गिऱ्हाइकाला माल देताना हे लक्षात ठेवा. इथे सागाचा गाभा, जस्ताचा मुलामा असलेला पाइप, सिमेंट, दगड किंवा उन्हाला टिकणारं प्लास्टिक हवं.

मातीला टेकलेली वस्तू: ही सगळ्यात अवघड जागा. माती कायम ओलसर राहते आणि तिथूनच वाळवी चढते. बांबू असो की साधं लाकूड, मातीत रोवलं की दिवस भरलेच समजा. इथे दगड, वीट, सिमेंट.

आपल्या जुन्या माणसांना हे ठाऊक होतं. एखादा जुना वाडा आठवा. लाकडी खांब कधी थेट जमिनीत रोवलेला नसतो. तो दगडी तळखड्यावर उभा असतो. खांब कोरडा राहावा, वाळवीला सरळ वाट मिळू नये, एवढ्यासाठी तो दगड. आपल्या स्टुलाला दगडाचा तळखडा नको, पण चार रबरी बूट पुरेत. हार्डवेअरच्या दुकानात पाच-पाच रुपयांत मिळतात. आमच्या पाच स्टुलांचे पाय या वीस रुपयांवाचून कुजले.

दुसरा प्रश्न: हा माल आधी कशासाठी वापरला होता?

आपल्या भागात भंगाराला तोटा नाही. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, पुढे पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि नंतर चाकण, म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडी असा कारखान्यांचा पट्टा पसरत गेला. गाड्यांचे सुटे भाग लाकडी पॅलेटवर आणि खोक्यांत येतात, तेल-रसायनं ड्रममध्ये येतात. रिकामं झालेलं हे सगळं भंगारवाल्याकडे. आपल्याला ते स्वस्त पडतं. पण स्वस्त माल घेताना त्याचा पूर्वेतिहास विचारायचाच. मुलगी देताना घर बघतो ना, तसंच.

पॅलेटवरचा शिक्का वाचा. परदेशातून येणाऱ्या-जाणाऱ्या लाकडी पॅलेटवर एक छापील किंवा डागलेला शिक्का असतो. लाकडातून एका देशातली कीड दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून २००२ साली एक आंतरराष्ट्रीय नियम झाला, त्याचा हा शिक्का. त्यात गव्हाच्या ओंबीसारखं चित्र असतं, देशाची दोन इंग्रजी अक्षरं असतात (भारताची 'आयएन'), एक क्रमांक असतो आणि शेवटी प्रक्रियेची दोन अक्षरं. ही शेवटची दोन अक्षरं आपल्या कामाची. इंग्रजी येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकराला वाचायला सांगा.

'एचटी' असेल तर लाकूड तापवलेलं आहे. त्याचा गाभा किमान ५६ अंशांवर सलग ३० मिनिटं राहील इतकं तापवतात. त्यात रसायन नाही. हे लाकूड घ्यायला हरकत नाही.

'एमबी' असेल तर लाकडाला मिथाईल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. असं पॅलेट घेऊच नका, चुलीतही घालू नका.

शिक्काच नसेल तर पॅलेट देशातल्या देशात फिरलेलं असू शकतं. मग लाकूड हुंगून आणि निरखून बघा. तेलाचे डाग, रसायनाचा उग्र वास, रंगीत ओघळ दिसले तर सोडून द्या.

आणखी एक गैरसमज काढून टाका. 'एचटी' शिक्का म्हणजे लाकूड पावसात टिकेल असं नाही. तापवल्याने त्या वेळची कीड मेली, एवढंच. पुढे वाळवी लागू शकते आणि लाकूड कुजूही शकतं. आम्ही इथेच फसलो. "प्रक्रिया केलेलं लाकूड आहे ताई" असं ऐकलं आणि निर्धास्त झालो.

ड्रमच्या बाबतीत हयगय नको. निळे प्लास्टिकचे ड्रम कापून कुंड्या, बसायच्या खुर्च्या बनवतात. दिसतातही छान. पण त्या ड्रममध्ये आधी काय होतं? घातक रसायनाने माखलेले रिकामे ड्रम कायद्याने घातक कचऱ्यात येतात. २०१६ च्या नियमांनुसार त्यांची विल्हेवाट परवानाधारकाकडूनच व्हावी लागते. लेबल फाडलेलं असेल, विकणारा "काही नव्हतं हो, पाणीच होतं" म्हणत असेल, तर नमस्कार करून पुढे चला. अशा ड्रमात तुळस, पुदिना, कढीपत्ता लावायचा आणि तीच पानं पोरांच्या पोटात घालायची, हे कुठल्याच नफ्यात बसत नाही. खायच्या वस्तूचा ड्रम असेल आणि तसं लेबल शाबूत असेल, तरच विचार करा.

आणि हे घरातल्या पुरुषांनाही सांगा: बंद लोखंडी ड्रम, ज्यात थिनर, तेल, रंग असं काही होतं, तो गॅस कटरने किंवा ग्राइंडरने कापायला जाऊ नका. रिकामा दिसला तरी आत वाफ उरलेली असते आणि ठिणगीने ड्रम फुटतो. माणूस जागेवर जातो.

जुन्या रंगाचं लाकूड. जुन्या दारं-खिडक्यांच्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगात शिसं दहा लाख भागांत ९० भागांच्या वर नसावं, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा रंग कोरडा घासला तर धूळ नाका-तोंडात जाते, लहान मुलांना ती फार वाईट. असं लाकूड नाही घेतलेलं बरं.

जळालेलं ऑईल. "गाडीचं जळालेलं ऑईल लावा, वाळवी फिरकणार नाही" असा सल्ला गावोगाव मिळतो. त्या ऑईलमध्ये इंजिनातून झिजलेले धातू आणि इतर घातक घटक असतात. ते कपड्याला, हाताला लागतं आणि पावसाने मातीत उतरतं. ज्यावर माणूस बसणार किंवा ज्यात रोप लावणार, त्याला ते लावायचं नाही.

कुठला माल, कशासाठी?

लाकूड. पॅलेट बहुतेक पाइनचं, म्हणजे मऊ लाकडाचं असतं. पडवीत ठेवायच्या वस्तूला ते ठीक. उघड्यावर ठेवायचं तर दर वर्षी निगा घ्यावी लागते, हे गिऱ्हाइकाला विकतानाच सांगा. सागाचा गाभा उघड्यावर उत्तम टिकतो. पण साल जवळचं फिकट लाकूड सागाचं असलं तरी लवकर किडतं. म्हणून "साग आहे" एवढ्यावर जाऊ नका, गडद गाभा किती आहे ते बघा. आंबा, सिल्व्हर ओक ही लाकडं बाहेरच्या कामाला कच्ची.

आणलेल्या फळ्या लगेच कापू नका. सावलीत, जमिनीपासून वर, दोन थरांमध्ये पट्ट्या घालून दोन-तीन आठवडे रचून ठेवा. वारा खेळू द्या. ओलं लाकूड जोडलं की नंतर आकसून जोड सैल होतो. बसायच्या फळ्या एकमेकींना चिकटवून लावू नका. मध्ये पेन्सिल जाईल एवढी फट ठेवा, पाणी निथळून जातं. आणि फळी जिथे आडवी कापली आहे ते टोक पाणी सगळ्यात जास्त पितं. तिथे तेल किंवा रंगाचा एक हात जास्तीचा द्या.

तेल-रंग. उघड्या लाकडाला उकळलेलं जवसाचं तेल लावता येतं. दुकानात 'लिनसीड ऑईल' म्हणून मिळतं. पातळ हात, पुसून घ्यायचं, वाळलं की दुसरा हात. दर वर्षी मे महिन्यात पुन्हा एकदा. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा: जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या, तर त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. काम झालं की चिंध्या पाण्यात बुडवा किंवा मोकळ्या जागेत एकेक पसरून वाळवा.

बांबू. हलका, स्वस्त आणि आपल्या हातांना ओळखीचा. पण त्यात पिठूळ अंश असतो, म्हणून भुंगा लागतो. बांबूखाली पिवळसर भुकटी दिसली की समजायचं, आत काम सुरू झालंय. तीन-चार वर्षांचा पक्का बांबू घ्या, पावसाळा संपल्यावर थंडीत तोडलेला. कोवळा, हिरवागार बांबू कामाचा नाही.

बांबूला बोरिक ॲसिड आणि बोरॅक्सच्या पाण्यात भिजवायची पद्धत सोपी आहे. २० लिटर पाण्याला ४०० ग्रॅम बोरिक ॲसिड आणि ६०० ग्रॅम बोरॅक्स. फोडलेल्या कामट्या चार-पाच दिवस भिजवा. अख्खा बांबू असेल तर आतल्या गाठी सळईने भोसकून दहा-बारा दिवस. मग सावलीत वाळवा. हातमोजे घाला, टाकीवर झाकण ठेवा, लेकरं आणि जनावरं तिकडे जाणार नाहीत असं बघा. हे पाणी विहिरीत, ओढ्यात ओतायचं नाही. आणि ही मात्रा पावसाने धुऊन जाते, म्हणून भिजवलेला बांबूसुद्धा पडवीतच शोभतो, मातीत नाही.

प्लायवूड. प्लायवर शिक्का असतो. 'एमआर' म्हणजे दमट हवा सोसणारं. पाऊस सोसणारं नव्हे! दुकानदार कधी कधी याचीच 'वॉटरप्रूफ' म्हणून भलामण करतो. 'बीडब्ल्यूआर' त्याहून बरं. उघड्यावरच्या कामाला 'आयएस ७१०' लिहिलेलं मरीन प्लाय. तेही कडा रंगाने बंद करूनच. एमडीएफ आणि भुशाचा बोर्ड घराबाहेर आणूच नका, पाण्याने पावासारखा फुगतो.

लोखंड. साधं लोखंड घेतलं तर गंज घासून काढा, रेड ऑक्साइडचा हात द्या, वाळल्यावर ऑईल पेंटचे दोन हात. पाइपची वरची तोंडं बंद करा, नाहीतर पाणी आत साठून पाइप आतून गंजतो. जीआय पाइपवर जस्ताचा मुलामा असतो. लोखंडाआधी ते जस्त स्वतः झिजतं, म्हणून पाइप टिकतो. पण वेल्डिंग केलं की त्या जागेवरचं जस्त जळून जातं आणि गंज नेमका तिथूनच सुरू होतो. वेल्डिंगच्या जागेवर जस्ताचा प्रायमर मारून घ्या. वेल्डिंग करताना निघणारा पांढरा धूर छातीत गेला तर ताप भरतो. म्हणून हे काम मोकळ्या हवेत आणि जाणत्या माणसाकडूनच.

प्लास्टिक आणि दोरी. ठिबकच्या नळ्या काळ्या का असतात, कधी विचार केलाय? त्या प्लास्टिकमध्ये काजळी घातलेली असते. ती उन्हाचा मारा अडवते, म्हणून नळी शेतात वर्षानुवर्षं टिकते. रंगीत, पातळ प्लास्टिक उन्हात पांढुरकं पडतं आणि कडकड मोडतं. जुनं प्लास्टिक घेताना नखाने दाबून, थोडं वाकवून बघा. पांढरी रेघ उठली किंवा भुकटी निघाली तर ते गेलेलं आहे.

सुतळी पावसात एका हंगामात कुजते. काथ्या जास्त टिकतो. म्हणून बाज विणायला काथ्याचा सुंभ पूर्वापार चालत आला. साध्या प्लास्टिकच्या दोरीला ऊन खातं. उघड्यावर ठेवायच्या विणकामाला पॉलिस्टरची दोरी किंवा उन्हाला टिकणारी म्हणून विकली जाणारी पट्टी घ्या, चार पैसे जास्त गेले तरी.

सिमेंट आणि दगड. उघड्या अंगणाला यांच्यासारखा माल नाही. तुळशीचा कट्टा, कुंडी, पक्ष्यांसाठी पाण्याचं भांडं हे साच्यात घरीच बनतं. एक घमेलं सिमेंटला तीन घमेली वाळू किंवा दगडाचा कच. पाणी बेताचं, मिश्रण लाडू वळेल इतपत. मध्ये कोंबडीची जाळी घातली तर भिंत पातळ ठेवूनही तडा जात नाही. साच्याला आतून तेल लावा. दुसऱ्या दिवशी साचा काढला की ओलं गोणपाट गुंडाळून किमान सात दिवस पाणी मारा. हे सात दिवस चुकवले की सगळी मेहनत वाया. सिमेंट कालवताना रबरी हातमोजे घाला, उघड्या हातांची कातडी जळते. तळाला भोक ठेवायला विसरू नका. शहाबादी फरशीचा तुकडा वाया जाऊ देऊ नका. स्टँडच्या वरच्या फळीऐवजी तो बसवला की कुजायची चिंताच मिटली.

भांडं असो, टायर असो की कुंडीखालची थाळी, पाणी साठणारी वस्तू आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासायची. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो आणि अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. टायरच्या कुंडीला खालून भरपूर भोकं पाडा.

तिसरा प्रश्न: जोड कशाने करणार?

आता मूळ मुद्द्यावर येते. आमचे स्टूल पडले ते काळ्या स्क्रूमुळे. हे काळे स्क्रू घरातल्या पीओपीच्या कामाचे असतात. स्वस्त असतात, लाकडात सर्रकन जातात, पण पावसात महिन्याभरात गंजतात. आतल्या आत बारीक होतात आणि वजन आलं की तुटतात.

वरून चकचकीत, पातळ मुलाम्याचे स्क्रू पडवीपुरते ठीक. उघड्यावर स्टीलचे, म्हणजे स्टेनलेसचे स्क्रू घ्या. त्यातही ३०४ नंबरचं स्टील २०२ पेक्षा गंजाला जास्त दाद देत नाही.

परीक्षा घरीच करता येते. एका वाटीत मिठाचं पाणी घ्या, त्यात दुकानातले तीन-चार प्रकारचे स्क्रू टाका. रात्रभर ठेवा, मग काढून ओलेच दोन दिवस हवेवर ठेवा. कुठला आधी तांबूस पडतो ते तुम्हीच बघा. बैठकीत केला तर सगळ्यांना एकदम पटतो असा हा प्रयोग आहे.

खिळ्यापेक्षा स्क्रू बरा. खिळा लाकूड हललं की हळूहळू वर येतो. स्क्रू मारायच्या आधी बारीक ड्रिलने भोक पाडा, फळी चिरत नाही. ज्या जोडावर माणसाचं वजन येतं तिथे नट-बोल्ट आणि वायसर वापरा.

साधा पांढरा गोंद पाण्यात सुटतो. बाहेरच्या वस्तूला डब्यावर 'मरीन' किंवा 'वॉटरप्रूफ' असं लिहिलेला गोंद घ्या, आणि तरीही एकट्या गोंदावर भरवसा ठेवू नका.

झोपाळा, उंच स्टूल अशा ज्या वस्तू माणसाचा भार उचलतात, त्या पहिल्यांदा बनवल्या की लगेच विकू नका. पंधरा दिवस गटातल्याच एखादीच्या दारात वापरा. कुणाचं लेकरू पडलं तर पैसे परत देऊन ते भरून निघत नाही.

हिशोब मांडून बघू

"ताई, चांगला माल महाग पडतो" हे खरं आहे. पण किती? आमच्या वहीतला हिशोब देते.

पहिल्या वेळी एका स्टुलाचा माल २५० रुपये, विक्री ४५०. वीस स्टुलांवर ४,००० रुपये शिल्लक दिसत होते. पाच स्टुलांचे २,२५० परत दिले. हातात राहिले १,७५०, आणि त्या सोसायटीत पुन्हा तोंड दाखवायची चोरी झाली, ती वेगळी.

दुसऱ्या वेळी प्रत्येक स्टुलाला ९० रुपये जास्त घातले. स्टेनलेसचे १६ स्क्रू ५६ रुपये, चार रबरी बूट २० रुपये, तेल १४ रुपये. माल झाला ३४० रुपयांचा. विक्री ५५० ला केली. एका स्टुलामागे २१० रुपये सुटले, वीस स्टुलांवर ४,२००. यंदाचा पावसाळा गेला, एकही स्टूल परत आला नाही.

गिऱ्हाईक शंभर रुपयांसाठी घासाघीस करतंच. तेव्हा स्टूल उलटा करून दाखवा. "हे बघा ताई, स्टीलचा स्क्रू. हा पायाला बूट. मे महिन्यात एकदा तेलाचा हात द्या." एका पावसाळ्यात मोडणारा ४५० रुपयांचा स्टूल वर्षाला ४५० ला पडतो. चार वर्षं टिकणारा ५५० चा स्टूल वर्षाला १४० रुपयांच्या आत बसतो. हे गणित सांगितलं की बहुतेक जणी घासाघीस थांबवतात.

विकण्याआधी तीन परीक्षा

नवीन माल आणला की पहिली एक वस्तू नमुना म्हणून बनवा आणि तिचे हाल करा.

एक, बादलीत मालाचा तुकडा २४ तास बुडवा, मग दिवसभर उन्हात वाळवा. असं तीन वेळा करा. फुगला, सुटला, वाकला तर तो माल बाहेरच्या कामाचा नाही.

दोन, वस्तू ओल्या जमिनीवर आठ दिवस ठेवा आणि रोज पाय तपासा.

तीन, दोघी जणी मिळून वस्तू चारी बाजूंनी हलवा. जोड करकरला तर खोला आणि पुन्हा करा.

निकाल गटाच्या वहीत लिहून ठेवा: माल कुठून घेतला, पॅलेटवर शिक्का कुठला होता, स्क्रू कुठला वापरला, कुठल्या महिन्यात विकला, तक्रार आली का. बचत आणि कर्जाच्या नोंदी आपण चोख ठेवतो. मालाचीही ठेवली तर पवनाथडीसारख्या जत्रेत उभं राहताना पाय लटपटत नाहीत. गिऱ्हाइकाने काहीही विचारलं तरी उत्तर आपल्या वहीत असतं.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या दारातली एक मोडलेली वस्तू घेऊन यावं. कुंडीचा स्टँड, खुर्ची, पाट, काहीही. मध्ये ठेवा आणि बघा ती नेमकी कुठून मोडली. फळीतून की जोडातून? वरून की पायातून? दहा वस्तू बघितल्या की दुकानात गेल्यावर आधी कशाकडे बघायचं, ते कुणी सांगायची गरज पडणार नाही.

आणि तुमच्या गटाला एखादा माल चांगला टिकला असेल, किंवा आमच्यासारखी फजिती झाली असेल, तर ग्रामसंघाच्या बैठकीत जरूर सांगा. एकीच्या स्टुलाचा मोडलेला पाय दहा जणींचे पैसे वाचवतो.